वजनाची चिठ्ठी घरी आली आणि लेक जेवेनाशी झाली

पत्र

नमस्कार ताई,
आम्ही सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. मुलगी तेरा वर्षांची आहे, अनुदानित शाळेत आठवीत शिकते. महिन्यापूर्वी शाळेत सरकारी आरोग्य तपासणी झाली. वजनकाटा वर्गातच ठेवला होता. सर मोठ्यानं आकडा सांगत होते आणि एक मुलगा वहीत लिहून घेत होता. हिचं वजन ५२ किलो भरलं, उंची १४८ सेंटीमीटर. घरी चिठ्ठी आली, तिच्यावर ‘वजन जास्त, आहार सल्ला’ एवढंच लिहिलेलं. त्या दिवसापासून वर्गातली मुलं तिला ‘बावन्न’ म्हणून हाक मारतात. डबा तसाच परत येतो. संध्याकाळी म्हणते, भूक नाही. रात्री कशीबशी अर्धी भाकरी. भर उन्हात स्वेटर घालून शाळेत जाते. कबड्डी सोडली. रात्री उशिरापर्यंत जागी असते. पाळी चार महिन्यांपूर्वी सुरू झालीय. हे म्हणतात, ‘बरंच झालं, उतरेल थोडी.’ सासूबाईंना तिच्या लग्नाची काळजी आत्तापासून. वजन खरंच जास्त असेल तर कमी करायला नको का? पण पोर आतून मिटत चाललीय. शहरातल्या आहारतज्ज्ञाची फी आम्हाला परवडणार नाही. सरकारनं वजन केलं, चिठ्ठी दिली; पुढचं कोण बघणार?
– एक आई

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात वजनाचा आकडा एकदा आलाय आणि न खाल्लेल्या अन्नाचा उल्लेख तीनदा. तातडीचं काय आहे हे तुम्हाला आतून कळलेलंच आहे. मीही तेच सांगेन. आधी तिचं जेवण आणि तिचं मन, वजनाचं त्यानंतर. वजनाकडे काणाडोळा करा, असं मी म्हणत नाही, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय. पण वाढीच्या वयातली पोर महिनाभर दुपारी उपाशी राहतेय, हा आजचा प्रश्न आहे.

येत्या आठवडाभरात तिच्या मागे न लागता काही गोष्टींवर लक्ष ठेवा. उठल्यावर चक्कर येते का? जेवल्यावर लगेच बाथरूमचं दार लावून बराच वेळ आत राहते का? केस जास्त गळताहेत का, कपडे एकदम सैल झालेत का, सारखी थंडी वाजते का? उन्हातला स्वेटर बहुतेक अंग झाकण्यासाठीच असेल, पण पोटात अन्न नसलं की थंडीही वाजते. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं मागेपुढे होतेच. मात्र वजन उतरतंय आणि पाळीही थांबलीय, असं दोन्ही एकदम झालं तर ते वाढीच्या वयाच्या नावावर खपवू नका. यातलं काहीही दिसलं तर आठवडा संपायची वाट न बघता डॉक्टर गाठा. आणि ‘मी नसलेलीच बरी’ अशा अर्थाचं काही ती बोलली किंवा वहीत लिहिलेलं दिसलं, तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. हे घाबरवायला लिहीत नाहीये. या वयात खाणं सोडण्याचं खूळ आजारापर्यंत जातं तेव्हा ते फार गुपचूप जातं आणि घरच्यांना सगळ्यात शेवटी कळतं, म्हणून लिहितेय.

आता तो आकडा. ५२ किलोला १.४८ मीटर उंचीच्या वर्गानं भागलं की २३.७ येतं. हाच बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा. मोठ्या भारतीय माणसांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात; ते कोष्टक मोबाइलवर कुणीही उघडून दाखवेल. तेरा वर्षांच्या मुलीला ते लावू नका. वाढत्या मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा की मुलगी हे बघून आलेखावर वाचावा लागतो. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी असे सुधारित आलेख २०१५ मध्ये काढले. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांचे सहकारी त्या कामात पुढे होते. त्या आलेखावर तुमची लेक बहुधा जादा वजनाच्या पट्ट्यात येईल. म्हणजे चिठ्ठी खोटी नाही. पण पुढचा हिशेब चिठ्ठीवर लिहिलेला नाही. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलीची उंची त्यानंतरही काही सेंटीमीटर वाढते. ती १५४ पर्यंत गेली आणि वजन ५२ वरच राहिलं, तर बीएमआय २१.९ होतो, एक किलोही न घटवता. म्हणून या वयात डॉक्टर बहुतेक वेळा वजन ‘उतरवा’ असं सांगत नाहीत. वजन आहे तिथे धरा, उंचीला पुढे जाऊ द्या, असं सांगतात. उपाशी राहिलं तर उंची, हाडं आणि रक्त या तिन्हींना लागणारं अन्नच तुटतं.

रक्ताचं मुद्दाम म्हटलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय निघाला. अंगानं भरलेल्या मुलीचं रक्तही कमी असू शकतं, आणि घरात ते कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात ती तिनं घेतली का, हे विचारा. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, म्हणून तीही बंद झालेली असायची.

तुमच्या यजमानांना आणि सासूबाईंना एक गोष्ट जरूर सांगा, कारण ती पुण्याचीच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसाच्याही पोटाभोवती आणि आत चरबी साठते आणि मधुमेह त्याच वाटेनं येतो, हे पुणे जिल्ह्यातल्या गावांत वर्षानुवर्षं आया आणि बाळं तपासून त्यांनी दाखवलंय. तेव्हा तुमच्या लेकीला ‘बावन्न’ म्हणणाऱ्यांत जी सडपातळ मुलं आहेत, त्यांनाही आहाराचा सल्ला तितकाच लागू आहे. तो सगळ्या वर्गाला मिळायला हवा होता. चिठ्ठी एकीच्या हातात पडली आणि दोष तिचा झाला, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

बीएमआयचं सूत्रही मुळात एकेका माणसाचा निवाडा करायला निघालेलं नाही. १८३० च्या दशकात अडॉल्फ केटले या बेल्जियमच्या गणितज्ञानं ते मांडलं, आणि त्याला सरासरी माणूस कसा असतो हे शोधायचं होतं. सरकारला या आकड्याचा खरा उपयोग तोच आहे. कुठल्या तालुक्यात मुलं कुपोषित आहेत, कुठे वजनं वाढताहेत, कुठे काय पाठवायचं, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. २०१६-१८ मध्ये केंद्र सरकारनं केलेल्या मुलांच्या पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाची २४ टक्के मुलं वयाच्या मानानं बारीक निघाली आणि ५ टक्के जादा वजनाची. दोन्ही टोकं एकाच वर्गात, कधी एकाच बाकावर. त्यामुळे मोजणी बंद करा असं मी म्हणणार नाही. मोजणी कशी करायची, एवढाच वाद आहे.

इंग्लंडमध्ये २००५-०६ पासून सरकारी शाळांत ४-५ आणि १०-११ वर्षांच्या मुलांची वजनं घेतात. तिथल्या नियमांत मोजमाप आडोशाला करायचं आणि आकडा मुलाला किंवा शिक्षकांना न सांगता पालकांना पत्रानं कळवायचा, असं आहे. तरीही त्या पत्रांनी आईबापं दुखावतात आणि मुलं जेवणाला घाबरतात, ही टीका तिथेही होत आलीय. आडोसा करूनही इजा होते, तर भर वर्गात आकडा पुकारल्यावर काय होणार? सरांच्या मनात वाईट नसेल, चाळीस मुलं उरकायची घाई असेल. पण चूक ती चूकच.

मुख्याध्यापकांना भेटा. भांडायला जाऊ नका, लेखी मागणी घेऊन जा. पुढच्या तपासणीत काटा वेगळ्या खोलीत ठेवावा, मुलींची नोंद शिक्षिकेनं करावी, आकडा मोठ्यानं सांगू नये आणि चिठ्ठी बंद पाकिटात पालकांना द्यावी. या चारही गोष्टींना पैसा लागत नाही. ‘बावन्न’ ही हाक वर्गशिक्षकांनी थांबवायची, पण लेकीला उभं करून, तिचं नाव घेऊन नव्हे. तसं केलं तर उद्या दुप्पट चिडवतील. शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, २०२२ च्या शासन निर्णयानं ती प्रत्येक शाळेत करायला सांगितलीय. तिच्यावरच्या शिक्षिकेला गाठलंत तर काम सोपं होईल. आणि कबड्डीच्या सरांना एवढंच सांगा, की तिला एकदा बोलावून घ्या. खेळणाऱ्या मुलीला संघात आपली गरज आहे हे कळणं, घरच्या दहा उपदेशांपेक्षा जास्त पोचतं.

घरात काय करायचं? तिच्यासाठी वेगळं ताट करू नका. वेगळं ताट म्हणजे रोज दोनदा हातात दिलेली तीच चिठ्ठी. जे बदलायचं ते सगळ्यांसाठी. तुमच्याकडची ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मटकी किंवा हुलग्याची उसळ, ताक, शेंगदाण्याची चटणी, अंडी चालत असतील तर अंडी, यापेक्षा चांगलं जेवण कुठलाही महागडा आहारतज्ज्ञ लिहून देणार नाही. भाकरी बंद करायची नाही, भातही नाही. कमी करायचं ते चहाबरोबरचं बिस्कीट, खारी, टोस्ट, दहा रुपयांचं कुरकुरीत पाकीट, रंगीत थंड पेय. तेही घरात आणणंच कमी करायचं, खाताना तिला टोकायचं नाही. रात्रीचं जेवण एकत्र, टीव्ही बंद, आणि ताटावर बसल्यावर वजनाचा विषय कुणी काढायचा नाही, कौतुकानंसुद्धा नाही. ‘आज अर्धीच खाल्लीस, शहाणी गं’ हे वाक्य टोमण्याइतकंच नुकसान करतं. या वयाला आठ-नऊ तास झोप लागते. मोबाइल रात्री मोठ्यांचेही स्वयंपाकघरात ठेवा, तरच तिचा राहील. घरात काटा असेल तर कपाटावर टाका.

तुमच्या यजमानांना वाटतंय की ती ‘उतरतेय’ म्हणजे बरं होतंय. त्यांना सांगा, उपासमारीनं उतरलेलं वजन टिकत नाही. अशी पोटाला मारून राहिलेली मुलं पुढे जास्त खातात, लपून खातात आणि काही वर्षांनी त्यांचं वजन आधीपेक्षा जास्त भरतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. घरच्या माणसांनी वजनावरून बोललेलं शाळेतल्या चिडवण्याइतकंच लागतं, हेही. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना काम द्या. दुपारी नात घरी आली की आजीनं तिच्याबरोबर दोन घास खायचे आणि गप्पा मारायच्या. लग्न सोडून कुठल्याही. आजीबरोबर जेवताना ‘भूक नाही’ म्हणणं अवघड असतं.

लेकीशी तुम्ही स्वतः बोला. भाजी निवडताना, केस विंचरताना, समोरासमोर न बसता. ‘तू का जेवत नाहीस?’ इथून सुरुवात करू नका. ‘त्या दिवशी वर्गात जे झालं ते चुकीचं झालं, तुझी काही चूक नव्हती. मी मुख्याध्यापकांना भेटणार आहे, तुला चालेल ना?’ असं विचारा. ती नको म्हणाली तर तिचं नाव न घेता सगळ्याच मुलींसाठी मागणी करा. ती रडली तर रडू द्या, लगेच समजावू नका.

‘पुढचं कोण बघणार’ हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. शाळेत आलेलं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असणार. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांतले जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब शोधायचे आणि पुढचे उपचार मोफत करायचे, अशी त्याची रचना आहे. हृदयाला छिद्र असलेल्या, ओठ दुभंगलेल्या कितीतरी गरीब मुलांच्या शस्त्रक्रिया त्यातून झाल्या. त्या कामाचा मला मनापासून आदर आहे. पण वाढत्या वजनाला आणि त्या वजनाशी जोडलेल्या लाजेला उत्तर देण्यासाठी ते पथक बांधलेलं नाही. एका दिवसात एक शाळा उरकणाऱ्या डॉक्टरांच्या हाती ‘आहार सल्ला’ या दोन शब्दांपलीकडे फार काही उरत नाही.

दुसऱ्या कार्यक्रमात ते उत्तर आहे. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलांसाठी सहा विषय घेतलेत. आहार आणि मानसिक आरोग्य हे दोन्ही त्यात आहेत. म्हणजे शरीर आणि मन या वयात वेगळं काढता येत नाही, हे सरकारनं कागदावर केव्हाच मान्य केलंय. त्याच कार्यक्रमातून ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी समुपदेशन केंद्रं चालतात, महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री’ म्हणतात. फी नाही. तुमच्या आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरना विचारा, मैत्री केंद्र कुठल्या रुग्णालयात आणि समुपदेशक कोणत्या वारी बसतात. वार विचारूनच जा, नाहीतर एसटीचं भाडं आणि एक दिवस फुकट जातो.

घरबसल्या बोलायचं असेल तर टेलिमानस आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारनं सुरू केलेली मोफत फोनसेवा, क्रमांक १४४१६, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही एकट्यांनी फोन करा आणि मला जे लिहिलंत तेच सांगा. आईनं मुलीबद्दल विचारायलाही ही सेवा आहे. गरज वाटली तर पुढे मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. सांगली-मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत बालरोग आणि मनोविकार असे दोन्ही विभाग आहेत. ‘मनोविकार’ हा फलक वाचून घरचे दचकतील. त्यांना सांगा, मानसिक उपचार सरकारी दवाखान्यात मिळणं हा २०१७ च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे, आणि तिथे गेल्यानं मुलीच्या कपाळावर कुणी काही लिहीत नाही.

आणखी एका ठिकाणी सरकारला जाब विचारायला हवा, कारण सगळा भार आईच्या स्वयंपाकघरावर टाकणं मला मान्य नाही. शाळेच्या फाटकाबाहेर काय विकतात ते एकदा बघून या. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला मनाई आहे. महाराष्ट्रानं तर शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ २०१७ मध्येच हटवायला सांगितले होते. नियम कडक आहेत, अंमलबजावणी बहुतेक ठिकाणी कुणी बघत नाही. जानेवारी २०२५ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालानं अशा कारखानी पदार्थांवर जादा कर लावायचा विचार मांडला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून बिस्किटं, चॉकलेट आणि फरसाणावरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. शीतपेयांवर मात्र ४० टक्के आहे, ते योग्यच. चिलीसारख्या देशानं २०१६ पासून पाकिटावर समोरच काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले आणि असे इशारे असलेले पदार्थ शाळांतून काढले. आपल्याकडे समोरच्या लेबलाचा मसुदा २०२२ मध्ये आला, आणि पाकिटं अजून आहेत तशीच येतात. दहा रुपयांचं पाकीट फाटकावर लटकत ठेवायचं आणि वर्षातून एकदा पोरीला काट्यावर उभं करून ‘वजन जास्त’ म्हणायचं, याला आरोग्यधोरण म्हणता येत नाही. पालक सभेत फाटकाबाहेरच्या विक्रीचा विषय काढा; लेकीचा उल्लेखही करावा लागणार नाही. शाळेनं काही केलं नाही तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार देता येते. मात्र दुकानदारही आपल्याच गावचा आहे. केळी, चिक्की, उकडलेल्या शेंगा, फुटाणे त्याला विकता येतील, हेही त्याच सभेत बोला.

रुग्णालयात जाताना ती चिठ्ठी, पाळीच्या तारखा आणि गेल्या आठवड्यात ती साधारण काय जेवली ते कागदावर लिहून न्या. घरात कुणाला मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर तेही लिहा. डॉक्टरांना सांगा, मानेवर काळपट पट्टा आहे का बघा (तो पुढच्या मधुमेहाच्या धोक्याची खूण असू शकतो) आणि हिमोग्लोबिन तपासा. वजन घ्यायचं झालं तर तिला काट्यावर पाठमोरं उभं करा आणि आकडा मोठ्यानं सांगू नका, हे तिच्यासमोर न बोलता आधीच आत जाऊन सांगा. पाच मिनिटं तरी तिला डॉक्टरांशी किंवा समुपदेशक ताईंशी एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. शाळेतलं काही ती तुम्हाला सांगत नसेल तर ते तिथे बाहेर येईल.